पगाराच्या स्लिपवर शिक्का कुठून आणू?

अहो, अमेरिकेत पगाराच्या स्लिपवर गोल शिक्का मारत नाहीत! कुठलीच कंपनी मारत नाही. पोर्टलवरून स्लिप उतरवायची, झालं. एचआरमधल्या बाईला विचारलं तर मी काय मागतेय हेच तिला कळेना.

गोव्यात पर्वरीला घेतोय त्या फ्लॅटच्या कर्जासाठी बँकेचा काल मेल आला: प्रत्येक स्लिपवर, प्रत्येक पानावर, कंपनीचा सही-शिक्का, तोही निळ्या शाईत. डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला, दिलाय, टॅक्स रिटर्न दिलंय, पगार जमा होतो त्या खात्याचं स्टेटमेंट दिलंय. आकड्याला आकडा जुळतोय. तरी फाईल ‘होल्ड’वर. फोन केला तर साहेब म्हणतात, “कुठूनतरी शिक्का बनवून मारा ना मॅडम, सगळे तेच करतात.” म्हणजे माझी खरी कागदपत्रं संशयास्पद, आणि मी खोटा शिक्का मारला की ती खरी? बँकेचा माणूस मला बनावट कागद करायला सांगतोय, आणि आवाजात जराही संकोच नाही! डोकं फिरलं माझं. रात्रीचे दोन वाजले होते न्यू जर्सीत, कारण त्यांना सकाळी साडेअकरालाच सवड असते.

आणि ते मुखत्यारपत्र! नोटरी केलं, ट्रेंटनहून, न्यू जर्सीच्या राजधानीतून, अपॉस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून सरकार देतं तो दाखला) आणलं, तर म्हणे चालत नाही, भारतीय कॉन्सुलेटचाच शिक्का हवा. भारतात 2005 पासून अपॉस्टिल चालतं, हे बँकेच्या लीगलला मी शिकवायचं? बरं, कॉन्सुलेटमधूनही आणलं. मग मजकूर ‘आमच्या फॉरमॅटमध्ये नाही’. आधी फॉरमॅट मागितला तेव्हा “जनरल चालेल” म्हणणारा मॅनेजर तोवर बदलून गेला होता. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. ते यांच्या टेबलावर पडून राहिलं, आणि फोंड्याहून पणजीला खेटे घातले माझ्या सासऱ्यांनी, या वयात, पावसात.

नियमांना माझी ना नाही. 75 लाखांवरच्या कर्जाला किमतीच्या 75 टक्केच मिळतात, स्टॅम्प ड्यूटी त्यात धरत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम सगळ्यांना सारखा. उरलेला आमचा वाटा कधीचा एनआरई खात्यात, परदेशातल्या कमाईसाठीच्या भारतातल्या खात्यात, तयार आहे. पण कर्जात गुपचूप घुसडलेला विमा? ‘कंपल्सरी’ म्हणे. नाहीये कंपल्सरी! ओटीपी अजून सासऱ्यांच्या फोनवर जातो, नंबर बदलायचा तर शाखेत प्रत्यक्ष या म्हणतात. पॅनवर माहेरचं नाव आहे म्हणून पुन्हा वेगळं प्रतिज्ञापत्र. प्रोसेसिंग फी मात्र पहिल्याच दिवशी कापली, तिला कुठला शिक्का लागला नाही.

शिक्का मी बनवणार नाही. फोनवर जे सांगितलंत तेच मेलवर लेखी द्या, असं साहेबांना कळवलंय. उत्तर नाही. बिल्डरची मुदत महिनाअखेर संपतेय.