तक्रार नाही, काळजी आहे

गोव्यातल्या फोंड्याहून भाचीचा फोन आला की हल्ली कॉलेजचाच विषय निघतो. गेल्या रविवारी घरात वाद पेटला होता: एखाद्या मुलाचं वागणं बिघडलेलं दिसलं तर शिक्षकांनी ते वर कळवावं का? भावोजींचं म्हणणं, एकदा कागदावर नाव गेलं की पोराच्या आयुष्याला डाग लागतो. भाची म्हणाली, "मामा, इथे तक्रार कोणी केली ते संध्याकाळपर्यंत घरी पोचतं."

दोघांचंही खरं आहे. गोवा एवढासा. ज्याच्याविरुद्ध सांगायचं त्याचा काका आपल्याच वाड्यावरचा निघतो.

मी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांचा सल्लागार आहे. १६ एप्रिल २००७ रोजी याच राज्यात व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारलं. त्याच्याविषयी शिक्षकांना आधीच धास्ती वाटत होती, वसतिगृहालाही, पोलिसांनाही. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, ते तुकडे एका टेबलावर कधी आले नाहीत. पुढच्याच वर्षी इथे कायदा झाला आणि सरकारी विद्यापीठांना अशी माहिती एकत्र पाहणारं पथक नेमावं लागलं.

आता आमच्याकडे तक्रारीचं दार वेगळं आणि काळजीचं वेगळं. मागच्या हिवाळ्यात एका प्राध्यापिकेने एवढंच कळवलं: मुलगा वर्गात झोपतो, दोन असाइनमेंट दिल्या नाहीत. मी त्याला बोलावलं. बराच वेळ तो जॅकेटची चेन वरखाली करत बसला. मग म्हणाला, महिन्याच्या शेवटी पैसे संपतात, एकदाच जेवतो. त्याच दुपारी त्याला घेऊन मी कॅम्पसवरच्या मोफत धान्याच्या खोलीत गेलो. शिक्षा नाही, डागही नाही.

इथलं सगळंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. काही शिक्षक फॉर्म भरतात आणि मुलाशी स्वतः एक शब्द बोलत नाहीत. खोलीत उदबत्ती लावली म्हणून आपल्याकडच्या एका मुलीचं नाव माझ्याकडे आलं होतं. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांनुसार रॅगिंग झाल्याचं कळल्यावर त्यात फौजदारी गुन्हा दिसला, तर संस्थाप्रमुखाने २४ तासांत एफआयआर दाखल करायचा असतो. हेल्पलाइनवर नाव न सांगताही तक्रार करता येते. पण रॅगिंग म्हणण्याएवढं जे झालेलं नाही, त्याचं काय?

माझ्या हॉस्टेलात सत्तरी तालुक्यातला एक मुलगा होता. सीनियरांचे कपडे धुऊन धुऊन त्याची बोटं सोलली होती. आम्ही तिघे सरांकडे गेलो. सर म्हणाले, "लेखी द्या, सह्या करा." आम्ही सह्या केल्या नाहीत. सोमवारी त्याची खाट रिकामी होती. खाली आईने दिलेला बिमलांच्या लोणच्याचा डबा तसाच राहिला होता. तो परत आला नाही. त्या सह्या मी आजही मनातल्या मनात करतो.

म्हणून मला वाटतं, गोव्यातल्या प्रत्येक कॉलेजात एक माणूस असा हवा, जो सही न मागता ऐकून घेईल, सांगणाऱ्याचं नाव कोणाला कळू देणार नाही, आणि आठवड्याभरात काय केलं ते सांगेल. ज्या मुलाविषयी सांगायचं त्याच्या विभागातला तो नसावा, आणि शिक्षा करण्याचा अधिकारही त्याला नसावा.

फोन ठेवता ठेवता भाची म्हणाली, तिच्या वर्गातली एक मुलगी तीन आठवडे डबा उघडत नाही, कोणाशी बोलत नाही. मी म्हटलं, मॅडमना जाऊन सांग, तक्रार नाही, काळजी आहे.

"सांगते," ती म्हणाली. "पण मामा, मॅडम पुढे कोणाला सांगतील?"