बाजारात बसायचं भाडं म्हणजे 'तांत्रिक सेवा' नव्हे

परवा नागपुरातल्या इतवारीतल्या एका शेअर ब्रोकरचा पोरगा फाईल घेऊन घरी आला. "काका, ऑडिटवाले म्हणतात, शेअर एक्स्चेंजला सौद्यांपोटी दिलेल्या ट्रान्झॅक्शन चार्जेसवर टीडीएस कापायला पाहिजे होता. आता काय होईल हो?" टीडीएस म्हणजे पैसे देतानाच त्यातून कापून सरकारला भरायचा कर. त्याचा चेहरा पाहिला अन् मला २०११ आठवलं.

तेव्हा मी गांधीबागेत एका लहान ब्रोकरकडे हिशेब लिहायचो. एक दिवस प्राप्तिकर खात्याची असेसमेंटची ऑर्डर आली. वर्षभरात एक्स्चेंजला गेलेले ४ लाख २० हजार रुपये कलम १९४जे खाली 'तांत्रिक सेवेची फी' धरले होते. टीडीएस कापला नाही, म्हणून कलम ४०(ए)(आयए) लावून तो सगळा खर्च नामंजूर. १० टक्क्यांनी कापायचा टीडीएस होता ४२ हजार. पण उत्पन्नात मिळवले पूर्ण ४ लाख २० हजार, आणि ३० टक्क्यांनी त्यावर कर झाला १ लाख २६ हजार, व्याज वेगळं. मालकांनी कॅल्क्युलेटरवर तीनदा आकडा मारून पाहिला. मग चष्मा काढून ठेवला अन् म्हणाले, "अरे, हे पैसे मी कापणार तरी कुठून? ते तर परस्पर खात्यातून जातात ना!"

खरंच होतं. एक्स्चेंजचे पैसे आपण चेक लिहून देत नाही, सौद्यांचे पैसे चुकते होतात त्या सेटलमेंटच्या खात्यातून ते आपोआप डेबिट होतात.

कोटक सिक्युरिटीज या ब्रोकर कंपनीचं प्रकरण याच प्रश्नावर होतं. मुंबई हायकोर्टानं २०११ मध्ये ही तांत्रिक सेवाच ठरवली, मात्र खर्च नामंजूर करू दिला नाही. कोर्टाचं कारण असं: १९४जे कलम आलं १९९५ मध्ये. पुढची दहा वर्षं ना ब्रोकरनं टीडीएस कापला, ना खात्यानं विचारलं. मग एकट्या ब्रोकरला शिक्षा कशाची? २९ मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टानं मुख्य मुद्दाही उलटवला. तांत्रिक सेवा म्हणजे एखाद्याच्या गरजेप्रमाणे त्याच्यासाठी खास केलेलं काम. एक्स्चेंजची यंत्रणा तर सगळ्या सदस्यांना सारखीच मिळते आणि तिच्याशिवाय सौदाच करता येत नाही. ती सोय आहे, म्हणून टीडीएस लागत नाही.

मला हा निकाल मनापासून पटतो. कॉटन मार्केटात भाजीवाला ओट्याचे पैसे देतो, तेव्हा तो कोणाचा सल्ला विकत घेत नाही. मागे कितीही कॉम्प्युटर असले तरी ब्रोकरही तेच करतो.

आणि सरकारचं यात बुडत काय होतं? एक्स्चेंज ते पैसे स्वतःच्या उत्पन्नात दाखवतं, त्यावर कर भरतं. हे कायद्यालाही पुढे मान्य झालं. घेणाऱ्यानं रिटर्नमध्ये रक्कम दाखवून कर भरला असेल तर खर्च नामंजूर करायचा नाही, अशी तरतूद २०१२ च्या फायनान्स ॲक्टनं आणली. २०१४ मध्ये पूर्ण रकमेऐवजी ३० टक्केच नामंजूर करायचं ठरलं. पण आमच्या मालकांसारख्यांची त्याआधीची वर्षं अपिलातच गेली. मोठ्या कंपन्या सुप्रीम कोर्टापर्यंत जातात. लहान माणूस वकिलाची फी ऐकूनच मागे फिरतो.

राग येतो तो याचा, की निकाल लागूनही हे कायद्यात साफ लिहिलेलं नाही. प्राप्तिकर कायदा २०२५ मध्ये टीडीएसची विखुरलेली कलमं ३९३ मध्ये एकत्र आणली, पण तांत्रिक सेवेच्या व्याख्येत शब्द जुनेच. एवढी मांडामांड केलीच होती, तर 'एक्स्चेंजची सर्वांना सारखी असलेली सोय यात येत नाही' ही एक ओळ घालायला काय हरकत होती? देशभरातले प्राप्तिकर खात्याचे आयआरएस (भारतीय महसूल सेवा) अधिकारी आपल्याच नागपुरात, छिंदवाडा रोडच्या अकादमीत शिकून जातात. हा निकाल शिकवताना त्यांच्यापुढे एखाद्या लहान ब्रोकरचं लेजरही ठेवावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

त्या पोराला मी निकालाची प्रत काढून दिली. लेजरमध्ये ट्रान्झॅक्शन चार्जेस वेगळ्या खात्यात टाक म्हटलं. कोणी खरंच फक्त तुझ्यासाठी सॉफ्टवेअर बनवून दिलं असेल तर त्याचं बिल यात मिसळू नको, तिथं टीडीएस लागू शकतो. तुमच्याकडेही कोणी असा मुद्दा काढला असेल तर प्रत मागा, मी पाठवतो.