वास आला तर पंखा लावायचा की नाही?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातल्या कट्ट्यावर माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या भावाबरोबर स्वयंपाकाच्या गॅसचाही विषय निघतो. वर्षभर बंद असलेलं घर उघडायचं, अख्ख्या कुटुंबाचं जेवण रांधायचं, आणि शेगडीची नळी तीच जुनी.

"दार उघडल्यावर वास आला तर पहिला एक्झॉस्ट फॅन लावायचा," भाईने ठासून सांगितलं.

"अजिबात नाही," मेस्त्री म्हणाला. "बटण चालू करताना ठिणगी पडते, तशीच बंद करतानाही पडते. हवेत दोन ते साडेनऊ टक्के गॅस असला की तेवढी ठिणगी पुरे."

"मग खिडकी?"

"उघड, पण आधी दारं. हा गॅस हवेच्या दीडपट-दुप्पट जड, तो जमिनीलगत बसतो. जुन्या घरात स्वयंपाकघर पायरीभर खाली असलं तर तिथेच साचतो. देवापुढचा दिवा लावू नको, रेग्युलेटर बंद कर, बाहेर अंगणात ये आणि तिथून 1906 ला फोन कर."

मास्तरांना हे अती वाटलं. "सिलिंडर तर बंदच असतो. गळणार कुठून?"

"रेग्युलेटर तसाच लावून ठेवलात तर वाल्व्हवरून, मास्तर. वाल्व्हच्या आत काळी रबरी रिंग असते. ती चिरली किंवा निसटली की तिथूनच गळती. म्हणून घर बंद करताना रेग्युलेटर काढायचा आणि दोरीची टोपी दाबून बसवायची. नवा सिलिंडर घेतानाही ही रिंग बघायची. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर तपासणीची मुदत असते: बी-27 म्हणजे 2027 चा एप्रिल ते जून. ती उलटली असेल तर सिलिंडर परत."

नळीवर मेस्त्री जास्तच अडला, आणि बरोबरच अडला. बंद घरात उंदीर नळी कुरतडतात. दोन्ही टोकांशी ती हाताने वाकवून बघावी, बारीक भेगा तिथेच आधी दिसतात. सुरक्षा नळी आतून तारेची असते, तरी पाच वर्षांनी बदलायची आणि दीड मीटरपेक्षा लांब घ्यायची नाही. गळती शोधायला साबणाचा फेस लावावा, काडी कधीच नाही.

"शेवटी शेवटी सिलिंडर आडवा केला की आणखी चार भाकऱ्या होतात," भाईने नवं काढलं.

"आडवा केलास की वाफेऐवजी द्रव बाहेर येतो. द्रवाची वाफ झाली की ती अडीचशे पट जागा घेते. रेग्युलेटर वाफेसाठी आहे, द्रवासाठी नाही. ज्योत शेगडीबाहेर उसळते."

मग गाडीचा विषय आला. घरचा सिलिंडर उलटा धरून गाडीत गॅस भरला तर स्वस्त पडतो, असं भाईचं म्हणणं. इथे मास्तरही मेस्त्रीच्या बाजूने झाले.

"गाडीच्या टाकीला स्वतःचा वाल्व्ह असतो," मेस्त्री म्हणाला. "पंपावर टाकी ऐंशी टक्के भरली की तो भरणं थांबवतो. उरलेली जागा उन्हात द्रव फुगायला ठेवलेली असते. आणि काही जण तर घरचा सिलिंडरच डिकीत ठेवतात. त्याला तो वाल्व्ह नाही आणि गळलेला गॅस गाडीबाहेर सोडणारी हवाबंद पेटीही नाही. मग तो गॅस डिकीत, सीटखाली बसणार. कायद्यानेही बंदी आहे."

"पण गाडीत कंपनीचं गॅस किट असलं तरी वास येऊ शकतोच ना?"

"येऊ शकतो. गाडी कडेला घे, इंजिन बंद कर, म्हणजे विजेवर चालणारा सोलेनॉइड वाल्व्ह आपोआप मिटतो. मग टाकीवरचा हातवाल्व्ह फिरव आणि डिकीसकट सगळी दारं उघडी टाक. आणि किट बसवलं असेल तर आरसी बुकात आरटीओकडून नोंद करून घे, विमावाल्यालाही कळव."