एक ठसका, एक पैठणी

गौरी जेवल्या की आमच्याकडे गप्पा बसतात. पानं उचलून झालेली असतात, पुरण अंगावर आलेलं असतं, बाबा लोडाला टेकून डोळे मिटून जागे असतात. आणि मग काकू सुपारी कातरता कातरता म्हणते, "काय रे, तुम्हाला ते करोडपतीतलं आठवतंय का..."

माझ्या पोटात गोळा येतो. कारण ही गाडी कुठल्याही फलाटावरून सुटली तरी तिचं शेवटचं स्टेशन मी असतो.

सुरुवात बाबांपासून होते. ३ जुलै २०००, सोमवार, रात्री नऊ. ही तारीख आमच्या घरात लग्नाच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ आहे. तेव्हा आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायचो. त्या दिवसापासून आईने साडेआठला पानं घ्यायला सुरुवात केली. नऊच्या आत भांडी घासून पालथी पडलेली असत. ती धडाम् धुडुम् करणारी धून वाजली की शेजारच्या जोशांकडे वाजायची, खालच्या मजल्यावर वाजायची, समोरच्या इमारतीत वाजायची, आणि रस्त्यावर फक्त कुत्री उरायची. बहुधा त्यांच्याकडे केबल नव्हती म्हणून.

बाबा हा खेळ अमिताभ बच्चनसमोर बसून खेळत. फक्त अमिताभला ते माहीत नव्हतं. हजार-दोन हजारांच्या प्रश्नांना ते उत्तरच देत नसत. "हे आपल्या लायकीचं नाही," म्हणून अडकित्ता उचलायचे. रक्कम फार वर गेली की प्रश्नच चुकीचा विचारलेला असायचा. मधे कुठेतरी दोन प्रश्न असे यायचे की ज्यांची उत्तरं बाबा द्यायचे, तीही चारही पर्याय आलटूनपालटून मोठ्यांदा उच्चारून. त्यातला एक बरोबर निघाला की आमच्याकडे बघून म्हणायचे, "म्हणालो होतो की नाही?" म्हणाले होतेच. चारही म्हणाले होते.

कार्यक्रमात जायचं तर फोन लावावा लागे. बाबांनी तो लावला. सलग तीन आठवडे लावला. आमच्या फोनचं रीडायलचं बटण त्या काळात आत गेलं ते बाहेर आलंच नाही. तिकडून एक बाई अत्यंत प्रेमाने सांगायची की सगळ्या लाइनी व्यस्त आहेत. बाबा तिच्याशी वाद घालायचे. त्या महिन्याचं बिल आलं तेव्हा आईने विचारलं, "लागलाच नाही तर बिल कसलं?" हा त्या घरात विचारला गेलेला पहिला एक कोटीचा प्रश्न. बाबांनी खेळ तिथेच सोडला.

मग ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे आला. आपल्या मुंबईचा, यूपीएससीची तयारी करणारा पोरगा, आणि एक कोटी जिंकणारा पहिला. तो शेवटचा प्रश्न अजून सगळ्यांना आठवतो: संसदेच्या कामकाजात भाग घ्यायला राज्यघटना यांपैकी कोणाला परवानगी देते? उत्तर होतं अॅटर्नी जनरल. आईच्या मते बाबा तेव्हा "सरन्यायाधीश! सरन्यायाधीश!" असं ओरडत होते, इतकं की जोशांनी भिंतीवर थाप मारली. बाबांचं म्हणणं, ते "महान्यायवादी" म्हणाले होते, आणि आमच्या घरात कोणाला शुद्ध मराठी कळत नाही हा त्यांचा दोष नाही. पुरावा म्हणून ते घटनेचं कलम ८८ घडाघडा म्हणून दाखवतात. कलम त्यांनी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन पाठ केलं, हे मी स्वतः पाहिलंय. पण मी गप्प बसतो. बोललो तर विषय माझ्यावर यायचा.

इथे आत्या मधे पडते. तिचा विषय अंताक्षरी. दीवाने, परवाने आणि मस्ताने हे तिचे तीन पक्ष. आयुष्यात तिने दुसऱ्या कोणत्याही पक्षात रस घेतलेला नाही. अन्नू कपूरच्या शेजारी उभी राहणारी कोण, यावर तिचं आणि काकूचं पंचवीस वर्षं जमलेलं नाही. काकू म्हणते रेणुका शहाणे. आत्या म्हणते पल्लवी जोशी. आई दोघींना पान देत म्हणते, दुर्गा जसराज. खरी गोष्ट अशी की तिघीही बरोबर आहेत. तो कार्यक्रम १९९३ पासून इतकी वर्षं चालला की त्यात बायका बदलत गेल्या, आणि आमच्याकडच्या तिघींच्या घरी केबल वेगवेगळ्या साली आली. मी एकदा हे समजावून सांगितलं. तिघी माझ्यावर उखडल्या. भांडण मिटवणारा माणूस गौरीच्या दिवशी कोणालाच नको असतो.

मधेच कोणीतरी ‘सवाल दस करोड का’ची आठवण काढतं. दहापट पैसे, अनुपम खेर, मनीषा कोईराला, सगळं होतं, आणि गाशा काही महिन्यांत गुंडाळला. काकूला त्यातला एकही प्रश्न आठवत नाही, साड्या मात्र क्रमाने आठवतात. नीना गुप्ता ज्यात स्पर्धकांना फाडफाड बोलायची, त्या ‘कमजोर कडी कौन’बद्दल काका एकच वाक्य बोलतात. "तो बघून हिने माझ्याशी तसं बोलायला सुरुवात केली." काकू म्हणते, आधीपासून बोलत होते, टीव्ही बघून तुम्हाला फक्त कळलं.

माझ्या बायकोची पाळी आली की खोली जरा शांत होते. तिला आठवतात त्या बबिता ताडे. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजारावर. २०१९ साली एक कोटी जिंकल्या. एवढ्या पैशांचं काय करणार, तर म्हणाल्या की एक मोबाइल घ्यायचाय, घरात सगळ्यांत मिळून एकच आहे. बायको हे सांगताना दर वर्षी याच जागी थांबते आणि पदराने नाक पुसते. आईही पुसते. आमच्या घरात तेव्हा माणशी दीड मोबाइल असतात आणि त्यातला एक हमखास याच वेळी वाजतो. गेल्या वर्षी माझा वाजला. कर्ज हवं का म्हणून विचारत होते.

इथे विषय संपावा अशी माझी दर वर्षी फार इच्छा असते. पण लंडनचा मावसभाऊ आलेला असतो, नाहीतर व्हिडिओ कॉलवर भिंतीला टेकवून ठेवलेला असतो.

त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तरीही पोरं त्याला ती सांगायला लावतात. करोडपती मुळात विलायतेचा. तिकडे २००१ च्या सप्टेंबरात चार्ल्स इंग्राम नावाचा लष्करातला मेजर त्या खुर्चीत बसला. हा गडी एकेक पर्याय मोठ्याने म्हणून बघायचा, आणि बरोबर पर्यायाच्या वेळी मागून कोणीतरी खोकायचं. शेवटचा प्रश्न होता, एकावर शंभर शून्य दिले तर त्या आकड्याला काय म्हणतात. उत्तर गूगल. म्हणजे आपलं नेहमीचं नव्हे, त्याच्या आधीचं. मेजरसाहेब आधी भलतंच काहीतरी म्हणत होते. मग खोकला झाला, मग त्यांचं मत बदललं, आणि दहा लाख पौंड जिंकले. चेक वटलाच नाही. २००३ साली कोर्टाने मेजर, त्याची बायको आणि खोकणारा, तिघांना दोषी धरलं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली २०११ च्या गौरीला. त्यानंतर तीन आठवड्यांनी नवरात्र होतं. यापुढे काय झालं असेल ते चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

आदेश भावोजी दारोदार पैठण्या वाटायला लागले २००४ साली, आणि पाच-सहा वर्षांत प्रत्येक गल्लीला आपापले भावोजी फुटले. ‘खेळ पैठणीचा’ केल्याशिवाय ना हळदीकुंकू सुटे, ना नवरात्र, ना निवडणूक. आमच्या सोसायटीनेही ठेवला. भावोजी होते एक तरुण, झगमगता कुर्ता, हातात माइक. साठीच्या बाईला "वहिनी" आणि पस्तिशीच्या बाईलाही "वहिनी" म्हणायचा त्यांचा सराव दांडगा होता. फुगे फुगवून झाले. टिकल्या लावून झाल्या. मेणबत्त्या झाल्या. आमच्या हिने उखाण्यात माझं नाव ‘भेळ’शी जुळवून दाखवलं, ते कसं ते मी इथे सांगणार नाही. शेवटी दोघी उरल्या. आमची ही, आणि बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

टेबलावर पैठणी मांडलेली होती. मोरपंखी रंग, नारळी काठ. हिने ती फक्त एकदा बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. लग्नात आमच्याकडून आलेली पैठणी खरी नव्हती, हे तिला नंतर कळलं होतं. त्या एका नजरेत तेही होतं.

भावोजींनी माइक हिच्यासमोर धरला. "वहिनी, पैठणीसाठी प्रसिद्ध असलेलं येवला कोणत्या जिल्ह्यात आहे? अ, अहमदनगर. ब, नाशिक. क, औरंगाबाद." तेव्हा नावं जुनीच होती. आणि म्हणाले, "तिन्ही पर्याय पुन्हा एकदा सांगतो, नीट ऐका."

आता माझा हेतू स्वच्छ होता, हे मी आजही गौरीसमोर सांगायला तयार आहे. मला नाशिकलाच खोकायचं होतं. पहिल्या रांगेत मी श्वास घेऊन तयार बसलो होतो. हातात सोसायटीने वाटलेला चिवडा होता आणि तोंडातही होता. भावोजी म्हणाले, "अहमदनगर." मी गप्प. म्हणाले, "नाशिक." मी खोकायला तोंड उघडलं, आणि आतला एक डाळ्याचा दाणा नको त्या वाटेने निघाला. आवाजच फुटेना. डोळ्यांत पाणी. खुर्ची धरली. भावोजी म्हणाले, "औरंगाबाद." आणि तेव्हा सुटला. एक नाही, सात. शेजारच्या काकांनी पाठीत धपाटा घातला तो आठवा. मांडवातले कबुतर उडाले.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग भावोजींकडे. आणि ठामपणे म्हणाली, "औरंगाबाद."

हे वाचणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची राहिली. माझी बायको निफाडची. येवला तिच्या माहेराच्या शेजारचा तालुका. तिची सख्खी मावशी येवल्यात दिलेली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिने हातमागांची खटखट ऐकत काढल्यात. जन्मदाखल्यापासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत तिच्या कागदांवर जिल्हा एकच.

मांडवातून घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. कुलूप उघडताना म्हणाली, "मला वाटलं इतका सोपा प्रश्न विचारतील कशाला, काहीतरी गोम असणार. त्यात तू जीव तोडून खोकत होतास. म्हटलं, माणूस मरायला टेकलाय पण सांगतोय, तर खरंच असेल." मग चपला काढल्या आणि म्हणाली, "लग्नाला नऊ वर्षं झाली. आज पहिल्यांदा तुझं ऐकलं."

पैठणी बी विंगला गेली. आम्हाला उत्तेजनार्थ प्लॅस्टिकची बादली मिळाली. निळी. ती इतकी टिकाऊ निघाली की चौदा वर्षांत कडीही तुटली नाही. मी रोज तिच्यातच अंघोळ करतो.

आता ही गोष्ट मी तुम्हाला जशी घडली तशी सांगितली. पण घरात ती अशी राहिलेली नाही. काकूच्या तोंडून ऐकाल तर मी खुर्चीसकट पडलो. काका पैठणीची किंमत दर वर्षी दोन हजारांनी वाढवतात. २०२२ साली टीव्हीवर अकरा लाखांच्या पैठणीचा खेळ झाला, तेव्हापासून तर आमचीही लाखाच्या घरात गेली आहे. आत्याच्या आवृत्तीत खुद्द आदेश बांदेकर आमच्या सोसायटीत आले होते, आणि "नाही गं" म्हटलं की ती मलाच विचारते, "तू खोकत होतास, तुला काय दिसलं?" बाबा त्या दिवशी ठाण्याला मामांकडे होते. तरी त्यांचं म्हणणं, ते मागच्या रांगेतून "नाशिक, नाशिक" असं दोनदा ओरडले.

"म्हणालो होतो की नाही?"

यंदा मात्र मी ठरवलं होतं, की काही झालं तरी आधी उठायचं. काकूने सुपारी हातात घ्यायच्या आत हात धुवून बाहेर पडायचं. म्हणून पोळी भराभर संपवत होतो. दुधात कुस्करलेला शेवटचा घास घेतला आणि जायफळाचा एक बारीक खडा घशाच्या दारात अडकला.

ठसका लागला. जबरदस्त. डोळ्यांपुढे काजवे. मी हाताने पाण्याची खूण केली.

पाणी कोणीच दिलं नाही. सगळी पंगत वाढपाच्या रांगेकडे वळली होती, जिथे बायको कटाच्या आमटीचं पातेलं घेऊन उभी होती. मावसभावाचा आठ वर्षांचा मुलगा, ज्याला धड मराठी येत नाही, तो पानावरून उठून तिच्यासमोर गेला, हातातला चमचा माइकसारखा धरला आणि विचारलं,

"काकी, लॉक किया जाए?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"थांब रे," ती म्हणाली, "यांचा खोकला संपू दे. मग उलटं उत्तर देते."