व्हेंटिलेटर लावला म्हणजे माणूस गेला, असं नसतं

आमच्या लालबागच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा आला. "बायपास करताय? सावधान!" अशी सुरुवात आणि पुढे चार दावे. ऑपरेशन दोन तासांचं असतं, पण बिल फुगवायला पेशंटला दिवसभर आत ठेवतात. हृदय बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवतात. रक्त मागतात ते विकायला. आणि नंतर व्हेंटिलेटरवर दिसतो तो माणूस आधीच गेलेला असतो. मी परळला हृदयाच्या आयसीयूत 22 वर्षं सिस्टर होते. शेजारच्या वहिनी या मेसेजपायी भावोजींच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायला निघाल्या, म्हणून लिहितेय.

आधी वेळेचं. पेशंट सातला आत गेला म्हणून सातला छाती उघडत नाहीत. भूल द्यायची, मनगटात बीपीची नळी, मानेत औषधांची, लघवीची वेगळी, यातच तासभर जातो. मग पायातली शीर किंवा छातीच्या आतली रोहिणी मोकळी करायची आणि हृदयावरच्या दीड-दोन मिलिमीटरच्या तुंबलेल्या वाहिनीला, अडथळ्याच्या पुढे, केसासारख्या धाग्याने जोडायची. शेवटी रक्त थांबलंय ना हे पाहून छातीचं हाड स्टीलच्या तारेने बांधायचं. तीन ते सहा तास धरूनच चाला. आधीची केस लांबली, तर तुमचा नंबर आणखी उशिरा लागतो.

बायपासमध्ये हृदय बाहेर काढत नाहीत. पोटॅशियमचं द्रावण देऊन ते जागच्या जागी थांबवतात आणि तोवर हार्ट-लंग मशीन रक्त फिरवतं. आपल्याकडे तर कितीतरी बायपास धडधडत्या हृदयावरच होतात. हृदय काढतात ते प्रत्यारोपणात. भारतात ते पहिल्यांदा 1968 साली इथेच परळला, केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलं.

रक्ताचं म्हणाल, तर पैसे घेऊन रक्त देणं 1998 पासून बंद आहे. रक्तपेढी घेते तो तपासणी आणि साठवणुकीचा खर्च. पेशंटसाठी राखलेल्या पिशव्यांची भरपाई व्हावी म्हणून दाते मागतात. मे महिन्यात कॉलेजं बंद आणि मुंबईकर गावी, तेव्हा साठा फार आटतो. मात्र दाता आणायची सक्ती करू नये असं सरकारी धोरण आहे, तेव्हा कुणी अडवलं तर लेखी तक्रार करा.

आता व्हेंटिलेटर. या एका ओळीने लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण पेशंट दिसतोच तसा. चेहरा सुजलेला, अंग गार, छातीच्या नळ्यांतून लालसर पाणी बाटलीत जातंय, हात मऊ पट्टीने कॉटला बांधलेले. हात बांधतो ते अर्धवट शुद्धीत माणूस घशातली नळी ओढतो म्हणून. भूल उतरून अंग ऊबदार होईपर्यंत श्वासाचं काम मशीन करतं. बहुतेकांची नळी काही तासांत, फार तर दुसऱ्या सकाळी निघते.

डोंबिवलीच्या एक काकू आठवतात. सकाळी काकांची कवळी आणि अंगठी मी त्यांच्या रुमालात बांधून दिली होती. संध्याकाळी पाच मिनिटं आत सोडलं तेव्हा रुमाल तसाच मुठीत. त्यांनी काकांचा पाय चाचपला, "गार पडलेत हो सिस्टर," म्हणाल्या आणि खालीच बसल्या. मी लघवीची पिशवी दाखवली. तासाभरात साठेक मिली जमली होती, म्हणजे मूत्रपिंडाला रक्त पोचत होतं. मग काकांच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, "काका, काकू आल्यात, बोट दाबा." दाबलं. थोड्या वेळाने त्याच बोटाने काकूंच्या तळहातावर गिरवलं, 'पा'. पाणी हवं होतं.

नळी असताना पाणी देता येत नाही, हे काकूंना पटायला वेळ लागला. मी ओला गॉझ त्यांच्या हातात दिला. रुमाल कमरेला खोचून त्यांनी काकांचे ओठ पुसले.

तुम्हीही आत गेलात की आम्हाला विचारा: शुद्धीवर आलेत का, लघवी किती झाली, छातीच्या नळीतून किती आलं? दर तासाला आम्ही हे चार्टवर लिहीत असतो. उत्तर तिथल्या तिथे मिळेल.