एक पट्टी वाजेना म्हणून बोर्ड गेला? काहीही!

गणपती जवळ आले की कीबोर्डवाल्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागतो. मजकूर साधारण असा, की पट्टी वाजत नसेल किंवा एकदम जोरात वाजत असेल तर मेन आयसी (आतल्या बोर्डावरची मुख्य चिप) गेली, रिपेअर होत नाही, नवीन घ्या. तोवर फटीतून डब्ल्यूडी-४० स्प्रे मारून बघा. अ‍ॅडॉप्टर कुठलाही चालतो, पिन बसली की झालं. आणि काहीच नाही जमलं तर रिसेट.

आधी आयसीचं बघू. अहो, मेन आयसी गेली तर ती एकच पट्टी कशाला घेऊन जाईल? टच असलेल्या, म्हणजे दाबाप्रमाणे आवाज हळू-जोरात करणाऱ्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराचा फुगवटा असतो आणि त्याच्या पोटात कार्बनचे दोन काळे ठिपके. दाबलं की एक आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर, आणि मधल्या वेळेवरून मशीन ठरवतं की तुम्ही हळू दाबलंत की जोरात. एका ठिपक्याखाली कचरा गेला की हा हिशोब बिघडतो, मग पट्टी एकतर मुकी होते नाहीतर केकाटते. आमच्या भजनी मंडळाच्या कीबोर्डची मधल्या सप्तकातली पांढरी पाच अशीच गेली होती, दुकानात सांगितलं बोर्ड बदला. घरी आणून खालचे स्क्रू काढले (कुठला कुठून निघाला ते कागदावर चिकटवून ठेवा, लांबीला वेगळे असतात), रबर उचललं तर खाली गुलाल आणि उदबत्तीची राख, अगदी गोल गुलाबी ठसा उमटलेला! आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड, हलका हात, मग पूर्ण वाळू द्यायचं, बास. पॉलिश पेपर अजिबात नको, कार्बनच निघून जातो. कार्बन झिजलेलाच असेल तर टोकाच्या, कमी वापरात असलेल्या सप्तकातलं रबर इकडे लावायचं, माप जुळत असेल तर.

उघडायच्या आधी मात्र सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवा आणि बंद कुठल्या ते लिहून काढा. एखादीच सुटी बंद असेल तर कचरा. ठरावीक अंतराने, म्हणजे दर सहावी किंवा आठवी अशी बंद असेल किंवा ओळीने सलग बंद असतील, तर रिबन केबल (आतली चपटी वायर) सुटलीय किंवा एखादी लाईन तुटलीय. हे काम सोल्डरिंग येणाऱ्याचं, पण तरी आयसी नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल एवढंच, की त्या नेहमीच्या डब्यातला स्प्रे ओलावा हटवायला आणि गंज सोडवायला आहे. मागे तेलकट थर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि आज जी एक पट्टी बंद आहे तिच्या महिनाभरात चार होतात. दाराच्या बिजागरीला मारा की खुशाल.

अ‍ॅडॉप्टरचा सल्ला खरंच महाग पडू शकतो. यामाहाच्या बऱ्याच पीएसआर मॉडेलना १२ व्होल्ट लागतात, मधली पिन प्लस. जुन्या बऱ्याच कॅसिओंना ९ व्होल्ट आणि मध्ये मायनस! पिन दोन्हीकडे बसू शकते, म्हणून कीबोर्डच्या मागचं चित्र बघा. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी असले की आवाज वाढवल्यावर ढोलाच्या ठोक्याला मशीन बंद पडून परत चालू होतं, आणि मग हाच मेसेज वाचून लोक म्हणतात आयसी गेली.

रिसेटने गुलाल निघत नाही. सूर सरकलाय वाटलं तर आधी ट्रान्सपोज (सगळी पट्टी वर-खाली सरकवणारी सेटिंग) बघा, कोणीतरी काळी दोन लावून गेलेलं असतं. सगळे सूर लांबतच राहिले तर सूर लांबवायचं पेडल काढून, बंद-चालू करून बघा, कारण बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलवर पाय असला तर उलटं समजतात. यामाहाच्या बऱ्याच पीएसआर-ई मॉडेलमध्ये शेवटची पांढरी पट्टी दाबून चालू केलं की सेटिंग पुसलं जातं, पण त्यात तुमची सेव्ह केलेली रजिस्ट्रेशनही (आवाज-तालाची लावून ठेवलेली सेटिंग) असली तर जातात, गणपतीच्या आदल्या दिवशी हे करू नका.

आत चहा सांडलाय, जळका वास येतोय, तर मेसेज बरोबर असू शकतो, ती आयसी सुटी मिळणं कठीणच. पण नुसते स्पीकर गप्प असतील तर हेडफोनची पिन चार-पाच वेळा आतबाहेर करा. जॅकमधली पत्ती अडकली की मशीनला वाटतं हेडफोन लावलाय. आमच्याकडे त्या पत्तीपायी दोन एकादश्या पेटीवर काढल्यात.