घासून पाहू नये

क्रिप्टोवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांवर, जिवंत आणि विधायक चर्चा घडवून आणायची असेल तर आमच्या इंदूरच्या सराफ्यात या. पण रात्री दहानंतर. दिवसा तिथं सोनं कसोटीवर घासतात, तोलतात आणि मगच पैसे मोजतात. असल्या संशयी हवेत चर्चा फुलत नाही. पेढ्यांची शटरं खाली आली, त्यांच्या पुढ्यात भुट्ट्याचा कीस परतला जाऊ लागला, गराडू कढईत पडले, की माणसाचं मन आपोआप मोठं होतं.

सुरुवात नफ्यानं करावी. आमच्या रामबागेतले एक निवृत्त काका द्रोण हातात घेताघेताच म्हणतात, "काल एका रात्रीत अडीचपट!" एवढंच म्हणायचं असतं. कशाच्या अडीचपट, हे विचारणं असभ्यपणाचं. (मी एकदा विचारलं. तेराशे रुपयांच्या.) तोटा मात्र घरात ठेवावा, आणि जमलं तर घरातही सांगू नये.

एखादा नवखा विचारतोच, "पण या नाण्यामागं आहे तरी काय?" त्याला उत्तर देत बसू नका, आख्यान लावा. 22 मे 2010 रोजी फ्लोरिडातल्या एका प्रोग्रॅमरला 10,000 बिटकॉइनच्या बदल्यात दोन पिझ्झा मिळाले, ही कथा कीर्तनकाराच्या थाटात सांगावी. "आज ते जवळ असते तर!" यावर सगळ्यांनी हळहळायचं, मग त्या वेड्याला हसायचं. आपल्या ओळखीच्या माणसांत बिटकॉइन देऊन पोटभर जेवलेला एकही नाही, आणि त्यानं मात्र दोन पिझ्झा खाल्ले, हे कुणाच्या लक्षात आणून देऊ नका.

मग आवाज खाली आणून सांगा, "बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांच्या वर निघणारच नाहीत." हे खरं आहे. म्हणूनच त्याच दमात आपलं कुत्र्याच्या तोंडाचं डोजकॉइनही दुर्मिळ म्हणून खपवता येतं. त्याला मर्यादाच नाही, दरवर्षी 500 कोटी नवी नाणी बाहेर पडतात, हा तपशील कीस संपल्यावर सांगितला तरी चालेल.

शंका काढणाऱ्यासाठी या पंथात खास शब्द आहे, 'फड'. भीती, अनिश्चितता आणि संशय या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून तो घडलाय. आपल्याकडे फड गाजवतात. इथं 'फड' करणाऱ्याला उठवतात. मे 2022मध्ये 80 डॉलरच्या आसपास असलेलं ल्यूना नावाचं नाणं आठ-दहा दिवसांत आपल्या एका पैशाच्याही खाली गेलं. त्या आठवड्यात आमच्या बाकावर एकाच माणसानं विचारलं, "विकून टाकू का?" त्याला फडवाला ठरवून गप्प बसवलं. बाकीच्यांनी 'स्वस्तात मिळतंय' म्हणून आणखी घेतलं. विधायक ते याला म्हणतात.

एक विषय मात्र चुकूनही काढू नका: कर. मी काढला होता. त्या वर्षी एका नाण्यात मला 20 हजारांचा नफा झाला होता आणि दुसऱ्यात 35 हजारांचा तोटा. माझ्या हिशेबानं मी 15 हजारांनी बुडालो होतो. सीएनं चष्मा वर सारला. म्हणाला, 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के, आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे बुडालेल्या मी 6 हजार भरायचे, वर सेस वेगळा. शिवाय विक्रीच्या वेळी कापलेला 1 टक्का टीडीएस जुळवून आण, म्हणाला. खरं तर बाकावरच्या प्रत्येकाच्या उपयोगाची एवढी एकच गोष्ट मी आजवर तिथं बोललो असेन. वाक्य संपायच्या आत एकजण पान आणायला गेला, दुसऱ्याला घरून फोन आला. काका आकाशाकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं त्यांनीच बिल द्यायचं ठरवलं. अडीचपटीचा आनंद होता ना! खिशातून 500ची कोरी नोट काढून त्यांनी कीसवाल्यापुढे धरली. त्यानं हात पुसले, नोट बल्बसमोर नेली, आतले गांधीजी पाहिले, हिरवी तार तिरकी करून पाहिली, उलटी करून पुन्हा पाहिली आणि मग गल्ल्यात टाकली.

काका भडकलेच. "क्यों भिया, भरोसा नहीं है क्या?"